चिंचोळीच्या ट्रक यार्डातलं पावसाचं पाणी : प्रकल्प नोंदी

१९ जानेवारी

सोलापुरातल्या गड्डा यात्रेची दुकानं अजून पुरती उठलेली नाहीत आणि आमचं काम सुरू झालं. जागा पुणे रस्त्यावर, चिंचोळी एमआयडीसीच्या अलीकडे. मालवाहतुकीचं यार्ड आहे. साठ-सत्तर ट्रक, स्वतःचा डिझेल पंप, दुरुस्तीचं वर्कशॉप, गाड्या धुवायचा रॅम्प. मालकांनी फोनवर एकच प्रश्न विचारला होता, "मॅडम, ऑइल सेपरेटर बसवायचाय, किती लिटरचा घेऊ?"

सेपरेटर म्हणजे पाण्यातलं तेल वेगळं करणारी टाकी. तिचा आकार सेकंदाला किती पाणी येतं यावर ठरतो, नुसत्या लिटरमध्ये उत्तर देता येत नाही, हे त्यांना समोर बसून सांगितलं. आधी टेप धरून सगळं मोजलं. एकूण ११,००० चौरस मीटर. त्यात गोदाम आणि ऑफिसचं छप्पर २,४००, पार्किंग आणि आतले रस्ते ६,५००, वर्कशॉपसमोरचं अंगण आणि डिझेलची जागा मिळून १,४५०, धुण्याचा रॅम्प २५०, बाकी ४०० झाडाखाली. आज या सगळ्याचं पाणी मागच्या भिंतीलगतच्या एकाच उघड्या गटारात उतरतं आणि तिथून ओढ्याला जातं.

जमीन ओढ्याकडे सव्वादोन मीटर उतरती आहे. हे फार चांगलं झालं. पंप लावायची वेळ आली असती तर निम्मं काम तिथंच बिघडलं असतं. पंपाचा पंखा तेलाला घुसळतो, थेंब बारीक होतात आणि मग ते टाकीत वर येत नाहीत.

२७ जानेवारी

यार्डाचे जुने नकाशे कुणाकडेच नाहीत. वर्कशॉपच्या फरशीतल्या जाळीतून पाणी कुठं जातं, हे कुणी सांगू शकेना. कुणी म्हणे शोषखड्ड्यात, कुणी म्हणे गटारात. म्हणून विहिरीत टाकतात ते लाल औषध, पोटॅशियम परमँगनेट, आणलं. चमचाभर बादलीत कालवलं आणि जाळीत ओतलं. एक पोरगा गटाराच्या तोंडाशी, एक संडासच्या चेंबरपाशी आणि मी ओढ्याकाठी. सहा मिनिटांनी माझ्यासमोर दगडांमधून गुलाबी पाणी आलं.

म्हणजे वर्कशॉपमध्ये इंजिन ऑइल सांडलं की ते सहा मिनिटांत ओढ्यात. मध्ये काहीच नाही.

ओढ्याच्या पलीकडे मालदांडी ज्वारी निसवली आहे. शेताचे मालक आबा बांधावर उभे होते. गुलाबी पाणी बघून घाबरले, मग सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "ताई, हे आज दिसलं म्हणून. मृगाचं पहिलं पाणी येतं ना, त्यावर तवंग असतो बघा. दोन दिवस जनावरं तोंड लावीनात. विहीर ओढ्याला लागून हाय, तिच्यातबी येतो." मी वहीत लिहून घेतलं: पहिलं पाणी, दोन दिवस. पुढच्या सगळ्या गणिताला हे वाक्य उपयोगी पडणार आहे असं तेव्हाच वाटलं.

३ फेब्रुवारी

आज ऑफिसच्या खिडकीत दोन बाटल्या ठेवल्या. दोन्हींत पाणी आणि टोपणभर डिझेल. दुसरीत मात्र रॅम्पवर वापरतात ती धुण्याची पावडर चिमूटभर टाकली. दोन्ही बाटल्या सारख्याच हलवल्या.

पहिलीत दहा मिनिटांत डिझेल वर जमलं, खाली पाणी जवळजवळ स्वच्छ. दुसरी बाटली संध्याकाळी घरी जाताना पाहिली तर दुधासारखी पांढरी, वर थर म्हणावा असा नाहीच.

मालकांना आणि वर्कशॉपच्या फोरमनमामांना हे दाखवायचंच होतं. सेपरेटरमध्ये कसलं रसायन नसतं, काही जाळत नाहीत, गाळत नाहीत. तेल पाण्यापेक्षा हलकं म्हणून वर येतं, त्याला वर यायला निवांत वेळ द्यायचा, एवढंच त्या टाकीचं काम. ०.१५ मिमीचा थेंब सेकंदाला साधारण १.८ मिमी चढतो, म्हणजे मीटरभर चढायला नऊ मिनिटं. थेंब निम्मा झाला की वेग पाव होतो, नवाची छत्तीस मिनिटं होतात. साबणाने थेंब इतके बारीक होतात की टाकी कितीही मोठी घ्या, पाणी बाहेर पडेपर्यंत ते वर येत नाहीत. शिवाय आधी साठलेलं तेलही साबण सोडवून घेऊन जातो.

म्हणून रॅम्पचं पाणी सेपरेटरकडे येणार नाही. त्यावर पत्रा टाकायचा, चहूबाजूंनी उंचवटा करायचा, पाणी वेगळ्या टाकीत घेऊन प्रक्रिया करून पुन्हा गाड्या धुवायलाच वापरायचं. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरने पाणी घ्यावं लागतं, त्यामुळे हे मालकांना लगेच पटलं.

१० फेब्रुवारी

तीन कोटेशन आली.

पहिलं स्थानिक मिस्त्रींचं. विटांची तीन चेंबरची टाकी, मध्ये भिंती, भिंतीत खाली-वर पाइप. दुसऱ्यात लिहिलंय "१०० टक्के तेल काढतो", पण किती लिटर प्रति सेकंदाला, कोणत्या चाचणीवर, याचा एक शब्द नाही. तिसरं एफआरपीच्या, म्हणजे फायबरच्या तयार टाकीचं, ईएन ८५८ या युरोपीय मानकाप्रमाणे चाचणी केलेलं, वर्ग १.

वर्गाचा मुद्दा मालकांना सविस्तर सांगितला, इथंही लिहून ठेवते. ईएन ८५८ मध्ये दोन वर्ग आहेत. चाचणीत बाहेर पडणाऱ्या पाण्यात तेल ५ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत असेल तर वर्ग १, आणि १०० पर्यंत असेल तर वर्ग २. आपल्या पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ प्रमाणे नदी-ओढ्यात सोडायच्या पाण्यात तेल आणि ग्रीस १० मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा जास्त चालत नाही. सार्वजनिक मलवाहिनीत सोडलं तर २०. आमचं पाणी ओढ्यात जातं. म्हणजे वर्ग २ ची टाकी पूर्ण तब्येतीत चालली तरी आम्ही नियमाच्या बाहेरच. प्रश्न तिथंच मिटतो.

वर्ग १ च्या टाकीत एकमेकींपासून दोनेक सेंटिमीटरवर बसवलेल्या प्लेट किंवा तशाच रचनेचा संच असतो. थेंबाला मीटरभर चढायची गरज राहत नाही, वरच्या प्लेटपर्यंतच जायचं. तिथं थेंबाला थेंब चिकटून मोठा होतो आणि मग भराभर वर येतो.

विटांच्या तीन चेंबरबद्दल मनात जुनी सल आहे. सहा वर्षांपूर्वी एका जागी अशीच टाकी मी स्वतः उभी राहून बांधून घेतली होती. दोन वर्षांनी तिथं गेले तर झाकणांवर पेव्हर ब्लॉक बसवलेले. टाकी कुठं आहे हे नव्या माणसांना ठाऊकही नव्हतं. ब्लॉक काढून झाकण उघडलं तर गाळ पाइपच्या वरपर्यंत आलेला आणि तेल सरळ पुढे चाललेलं. त्या जागेचं नाव लिहीत नाही, पण इथं झाकणाची जागा, झाकणाचं वजन आणि झाकण कोण उघडणार हे टाकीच्या आकाराइतकंच महत्त्वाचं धरणार आहे.

१४ फेब्रुवारी

आज गणित. आधी ब्रिटनची पीपीजी-३ ही मार्गदर्शिका समोर ठेवली. इंग्लंडमध्ये ती २०१५ साली मागे घेतली गेली, तरी आकार काढायची तिची पद्धत अजून वापरतात. तिच्यात दोन प्रकार आहेत. पहिल्यात आलेलं सगळं पाणी सेपरेटरमधून जातं. त्याचं सूत्र क्षेत्रफळ गुणिले ०.०१८, म्हणजे तासाला ६५ मिमी पावसाचं पाणी. दुसरा बायपासचा. त्यात थोडं पाणी असेपर्यंत ते सेपरेटरमधून जातं, लोंढा आला की जास्तीचं पाणी बाजूने निघून जातं. त्याचं सूत्र क्षेत्रफळ गुणिले ०.००१८, म्हणजे तासाला ६.५ मिमी.

आपल्याकडे पाच-दहा मिनिटांची सर तासाला ६५ मिमीच्या वर सहज जाते. मी १०० मिमी धरला. सगळ्या यार्डाचं पाणी एका टाकीत घ्यायचं तर सेकंदाला ३०५ लिटर. एवढी टाकी मालकांना परवडणार नाही, जागेत मावणार नाही आणि वर्षानुवर्षे कुणी साफ ठेवणार नाही.

मग पाण्याची वाटणी केली. छपराचं २,४०० चौरस मीटरचं पाणी स्वच्छ आहे. ते वेगळ्या पाइपने साठवण टाकीत आणि उरलेलं बोअरच्या पुनर्भरणाला. आज ते घाण गटारात पडून सगळंच बिघडवतं. वर्कशॉपसमोर छप्पर २८ बाय २५ मीटर पुढे वाढवायचं आणि डिझेल पंपावर १० बाय १५ चं छप्पर टाकायचं. १,४५० पैकी ८५० चौरस मीटर झाकलं गेलं, उरलं ६००. त्याच्या कडेने ट्रक सहज चढेल असा शंभर मिमीचा उंचवटा, म्हणजे पार्किंगचं पाणी आत येणार नाही आणि आतलं बाहेर जाणार नाही. ६०० चौरस मीटरला तासाला १०० मिमी म्हणजे सेकंदाला १६.७ लिटर. सेपरेटर २० चा पुरतो.

मालक म्हणाले, "मॅडम, मी टाकी मागितली आणि तुम्ही पत्रा सांगताय की ओ." खरं आहे. पण पत्र्याखाली पाऊस पडत नाही आणि जे पाणी घाण झालंच नाही ते साफ करावं लागत नाही. शिवाय पोरांना मे महिन्यात सावलीत काम करता येईल. फोरमनमामांनी या मुद्द्यावर मान डोलावली आणि बाजी मारली.

२३ फेब्रुवारी

पार्किंगच्या ६,५०० चौरस मीटरवर चार दिवस अडकले होते.

पुस्तकाप्रमाणे इथं बायपास सेपरेटर योग्य. पार्किंगमध्ये तेल ठिबकतं पण एकदम सांडत नाही, धोका कमी. सूत्राने सेकंदाला ११.७ लिटर येतात. मी आपल्या पावसासाठी १० मिमी धरून १८ काढले, म्हणजे आणखी एक २० चा सेपरेटर. विक्रेताही तेच म्हणत होता. ऑर्डर देणार होतेच, तेवढ्यात वहीतलं आबांचं वाक्य पुन्हा वाचलं.

बायपासची कल्पना जिथं जन्मली तिथं पाऊस बारीक, झिमझिम आणि वर्षभर पडतो. रस्त्यावरचं तेल रोज थोडं थोडं धुतलं जातं, आणि ते थोडं पाणी सेपरेटरमधून जातं. मोठी सर आली तरी तोवर फरशी धुऊन निघालेली असते, त्यामुळे बाजूने गेलेलं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ. सोलापुरात ऑक्टोबरनंतर फरशी कोरडीच. सात-आठ महिने ट्रकखाली डिझेल, ग्रीस, गिअर ऑइल ठिबकत राहतं, धुळीत मुरतं. आणि मग मृगाची पहिली सर येते ती झिमझिम नव्हे, बदाबदा. पहिल्या दहा मिनिटांत वर्षभराचं तेल सुटतं आणि नेमकं त्याच दहा मिनिटांत पाणी बायपासवरून उड्या मारत ओढ्याला जातं. ज्या दिवसासाठी टाकी घेतली त्याच दिवशी ती बाजूला बसणार.

म्हणून पार्किंगला बायपास नको. त्याऐवजी पहिलं पाणी अडवणारी टाकी. ६.५ बाय ४ मीटर, दीड मीटर खोल, आरसीसी. तळाचे १५ सेंटिमीटर गाळाला सोडले तरी ३५ घनमीटर पाणी मावतं, म्हणजे पार्किंगवरचा पहिला साडेपाच मिमी पाऊस. टाकी भरली की आतलं पाणी तसंच थांबतं आणि मागून येणारं, धुतलेल्या फरशीवरचं पाणी टाकीच्या आधीच्या चेंबरमधून ओढ्याकडे वळतं. ते टाकीतून जात नाही, त्यामुळे आतला तवंग ढवळत नाही. त्या चेंबरच्या बाहेर जाणाऱ्या पाइपला खाली वळवलेलं तोंड, म्हणजे तरंगणारं तेल आणि पिशव्या आतच अडकतात.

आता हे ३५ घनमीटर तेलकट पाणी सेपरेटरला हळूहळू पाजायचं. टाकीच्या तळाजवळ ३५ मिमीचं एक भोक. टाकी पूर्ण भरलेली असताना त्यातून सेकंदाला ३ लिटर जातात, पाणी उतरेल तसे कमी. पूर्ण रिकामी व्हायला साडेसहा तास. आणि हे पाणी वर्कशॉपच्या त्याच सेपरेटरमध्ये सोडता येतं: १६.७ अधिक ३ म्हणजे १९.७, आणि सेपरेटर २० चा. भर पावसातही बसतं.

दोन सेपरेटरचा एक झाला. विक्रेत्याला वाईट वाटलं असेल. मी मात्र आज रात्री शांत झोपणार.

२ मार्च

मालकांची मंजुरी आली. वाचलेल्या पैशांत वर्कशॉपचं छप्पर. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात बदल नोंदवायचा अर्ज तयार केला, त्याला नवा ड्रेनेज नकाशा जोडला. पावसाच्या लाइन निळ्या, तेलकट लाइन तांबड्या. चेंबरच्या झाकणांनाही तेच दोन रंग द्यायचे ठरलं. नकाशा उद्या हरवेल, झाकण हरवणार नाही.

सेपरेटरची ऑर्डर: वर्ग १, २० लिटर प्रति सेकंद, बायपास नाही, प्लेटचा संच वर उचलून धुता येईल असा, बाहेर पडायच्या तोंडाशी आपोआप बंद होणारा फ्लोट, तेलाची पातळी वाढली की वाजणारा अलार्म, तेल साठवायला ५,००० लिटर जागा. ब्रिटनमध्ये पेट्रोल पंपासाठी ७,६०० लिटर धरतात, टँकरचा एक कप्पा अख्खा सांडला तरी मावावा म्हणून. पाकणीच्या इंधन डेपोतून आमच्याकडे येणाऱ्या टँकरचा मोठ्यात मोठा कप्पा ५,००० लिटरचा आहे, टँकरवर चढून पाटी वाचून आले.

१७ मार्च

खोदाई. वर दीड मीटर काळी माती, मग मुरूम, मग खडक. पोकलेनला ब्रेकर लावला तेव्हा कुठं तळ गाठला. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात, त्यामुळे टाकीभोवती ती परत भरायची नाही, असं मुकादमाला तीनदा सांगितलं. भोवती कॉन्क्रीट आणि चाळलेला मुरूम.

मुकादम म्हणाले, "एवढी मोठी टाकी, तिला खाली बांधायची कशाला? जाती कुठं?" सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला, लांबोटीपाशी पाण्यामुळे महामार्ग बंद ठेवावा लागला, ते सगळ्यांनी पाहिलंय. त्या दिवसांत इथल्या विहिरी काठोकाठ होत्या. जमिनीतलं पाणी तसं वर आलं आणि नेमकी त्याच वेळी सफाईसाठी टाकी उपसलेली असली, तर १२ घनमीटरची रिकामी टाकी १२ टनांनी वर उचलली जाते. एफआरपीचं स्वतःचं वजन त्यापुढे काहीच नाही. खाली ६ बाय ३.५ मीटर, अर्धा मीटर जाड कॉन्क्रीट टाकतोय. साडेदहा घनमीटर, पाण्यात बुडालेलं धरलं तरी १४.७ टन. टाकी त्याला पट्ट्यांनी बांधायची. मुकादमांनी पट्टे स्वतः ओढून बघितले.

६ एप्रिल

टाकी आली. पाटीवरचा नंबर, वर्ग, क्षमता कागदाशी जुळवली. एका नळीच्या कडेला वाहतुकीत तडा गेला होता, उतरवायच्या आधीच फोटो काढून कळवलं. तीन दिवसांत दुसरी नळी आली.

टाकीच्या आधी गाळाची वेगळी टाकी बांधून झाली. २ बाय २ बाय दीड मीटर, ६,००० लिटर. मानकात गाळ बेताचा असेल तिथं सेपरेटरच्या सेकंदाला एक लिटर क्षमतेमागे १०० लिटर आणि गाळ फार असेल तिथं ३०० लिटर जागा सांगितली आहे. पावसाळ्यात रानातून येणाऱ्या ट्रकच्या चाकांना काय चिकटलेलं असतं हे ज्यांनी पाहिलंय ते १०० कधीच धरणार नाहीत. तेलातला बराच भाग या मातीलाच चिकटून तळाला बसतो, त्यामुळे गाळ अडला तर निम्मं काम तिथंच होतं.

२१ एप्रिल

ऊन बेचाळीसच्या वर. छपराचं वेल्डिंग सकाळी सहा ते दहा एवढंच चालतं. बाकी काही नाही.

८ मे

आजचा दिवस फोरमनमामांचा. बत्तीस वर्षं इंजिनं उघडतायत. सेपरेटर त्यांच्या ताब्यात राहणार, म्हणून वापराचे नियम त्यांच्याकडूनच लिहून घेतले.

मी महागडी मोजपट्टी आणायच्या विचारात होते. ते म्हणाले, "डिझेल टाकीत पाणी हाय का बघायला आपण डिपच्या सळीला पेस्ट लावतो की. तीच लावा इथं उलटी." पाण्याला लागली की रंग बदलते ती पेस्ट. सळी सेपरेटरमध्ये बुडवायची. वरची ओली खूण ते रंग बदललेली रेघ, मधलं अंतर म्हणजे तेलाचा थर. इतकं सोपं आणि पेस्ट कपाटात आधीच आहे. मी त्यांच्या हातची सळी वहीत चित्र काढून ठेवली.

त्यांनी दुसरी गोष्टही लावून धरली. इंजिन ऑइल काढताना खाली परात ठेवायची सक्ती, परातीतून सरळ ड्रममध्ये, ड्रम छपराखाली आणि बांध घातलेल्या फरशीवर. काढलेलं जुनं तेल घातक कचऱ्यात मोडतं, २०१६ च्या नियमांप्रमाणे ते नव्वद दिवसांच्या आत अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला नमुना १० भरून द्यायचं. सेपरेटरमधून निघणारं तेल आणि गाळही त्याच वाटेने. तो गाळ खड्डे बुजवायला किंवा झाडांना टाकायचा नाही, हे पोरांना वेगळं सांगितलं.

झाकणं एका माणसाला उचलतील अशी घेतली, खाली जाळी. झाकणाभोवती दोन मीटर पिवळा पट्टा, तिथं ट्रक लावायचा नाही. सफाईचा टँकर येऊन उभा राहील एवढी जागा मोकळी.

१९ मे

सेपरेटर स्वच्छ पाण्याने भरला. ही पायरी पुष्कळ जण विसरतात. टाकीत आधीपासून पाणी नसेल तर आलेलं तेल पाण्यावर तरंगत थांबणार कसं, ते सरळ तळातून बाहेर जातं. टँकरचं पाणी मालकांना जीवावर आलं, पण भरलं.

फ्लोटची गंमत अशी की तो पाण्यावर तरंगतो पण तेलात बुडतो. तेलाचा थर जाड झाला की पाण्याची पातळी खाली जाते, तिच्याबरोबर फ्लोटही खाली जातो आणि बाहेरचं तोंड बंद करतो. हाताने खाली दाबून बघितला, तोंड घट्ट बसलं. अलार्मला सौर पॅनेल आणि बॅटरी, कारण वळवाच्या वाऱ्यात वीज आधी जाते. बाहेर पडणाऱ्या लाइनवर हाताने फिरवायचा व्हॉल्व्हही आहे. डिझेलचा टँकर रिकामा होत असताना तो बंद ठेवायचा, टँकर गेला की उघडायचा.

एक गोष्ट कुठल्याच पुस्तकात सापडली नाही, आपल्या हवेची आहे. आठ महिने पाऊस नाही आणि ऊन असं, तर टाकीतलं पाणी आटणार. पातळी उतरली की फ्लोट उगाच तोंड बंद करील आणि पहिल्याच सरीला पाणी मागे तुंबेल. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पातळी बघायची, कमी असेल तर भरायची, आणि मे संपताना एकदा नक्की. मामांनी कॅलेंडरवर खुणा केल्या.

९ जून

मृग निघाला आणि आजच संध्याकाळी पाऊस. साडेपाचला आभाळ काळं झालं. छत्री घेऊन पहिल्या पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिले. मागे मामा, वर्कशॉपची सगळी पोरं, आणि ओढ्याच्या पलीकडे पोतं डोक्यावर घेऊन आबा.

पहिलं पाणी चहासारखं काळपट आलं. त्यावर बिड्या, सुपारीच्या पुड्या, आणि सगळ्यावर निळा-जांभळा तवंग. दहाव्या मिनिटाला टाकी भरली आणि मागचं पाणी वळलं. ओढ्याच्या तोंडाशी धावत गेले. पाणी गढूळ, मातीचं, पण तवंग नव्हता. आबांनी ओंजळीत घेऊन वास घेतला. पावसाच्या आवाजात ते काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, हात मात्र त्यांनी वर केला.

पंचवीस मिनिटांत १८ मिमी. आमच्या पर्जन्यमापकावर.

१० जून

सकाळी आठला टाकी रिकामी असायला हवी होती, आत अजून दीड फूट पाणी. ३५ मिमीच्या भोकापुढची जाळी पुड्यांनी गच्च झाली होती. चूक माझी: जाळी भोकाच्या अगदी तोंडाशी लावली, क्षेत्रफळ कमी पडलं. मिस्त्रींना सांगून त्याच्यापुढे हातभर लांब-रुंद पेटीसारखी जाळी करून घेतेय, वरून उचलून झटकता येईल अशी. परवापर्यंत बसायला हवी, आभाळ आहे.

मामांनी सळीला पेस्ट लावून सेपरेटरमध्ये डिप घेतला. ओली खूण आणि लाल रेघ यांत जेमतेम दोन-तीन मिमी. टाकीचा पसारा धरला तर तेवढा थर म्हणजे पंचवीस-तीस लिटर तेल. एका सरीचं. मामा सळी हातात धरून बराच वेळ गप्प उभे होते, मग म्हणाले, "म्हंजे एवढ्या वर्षांत किती गेलं असंल ओ."

बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नमुना काचेच्या बाटलीत घेतला. प्लास्टिकला तेल चिकटतं आणि आकडा खोटा कमी येतो. बाटली काठोकाठ नाही भरली, आम्ल टाकून बर्फात ठेवली, दुपारी प्रयोगशाळेत दिली. शनिवारी गाळाची टाकी उघडून काठी घालून बघायची. ओढ्यापलीकडे आबांच्या विहिरीतलं पाणीही एका बाटलीत घ्यायचं आहे, ते उद्या सकाळी मोटार लावायच्या आधी.